आक्वी डिव्हिजन आणि केफालोनिया १९४३ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन सैन्याचा विषय निघाला की आपल्याकडे एकतर मुसोलिनी निघतो नाहीतर "ते कुठे लढले, हात वर करून मोकळे झाले" हा ठरलेला जोक निघतो. आक्वी ही इटालियन सैन्याची हजारो शिपायांची एक डिव्हिजन, सप्टेंबर १९४३ मध्ये ग्रीसच्या केफालोनिया बेटावर ती जर्मनांशी लढली आणि शरण आल्यावर तिची कत्तल झाली. ही गोष्ट माहीत झाल्यावर हा जोक करवत नाही. याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवलीत. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे लांबायलाच पाहिजे होतं.

आक्वी डिव्हिजन म्हणजे नक्की कोण?

इटलीची ३३वी इन्फन्ट्री डिव्हिजन. नाव पिडमाँटमधल्या आक्वी गावावरून, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. पण १९३९ मध्ये डिव्हिजन उभी राहिली तेव्हा ठाणं होतं मेरानोला, म्हणजे पार वर ऑस्ट्रियाच्या बाजूच्या डोंगराळ भागात. १७वी आणि १८वी अशा दोन इन्फन्ट्री रेजिमेंट (यांची परंपरा १८व्या शतकातली, सॅव्हॉय घराण्याच्या सैन्यापासूनची) आणि जोडीला ३३वी तोफखाना रेजिमेंट. पुढे ग्रीसमध्ये असताना ३१७वी रेजिमेंट जोडली गेली.

दोनच रेजिमेंट? डिव्हिजनमध्ये तीन असतात ना?

बाकीच्या देशांत तीन असायच्या. इटलीने १९३८ च्या सुमाराला ठरवलं की दोन-दोनच ठेवायच्या, म्हणजे डिव्हिजन हलकी आणि चपळ होईल. कागदावर डिव्हिजनांची संख्या एकदम वाढली, मुसोलिनी खूश, आणि प्रत्यक्ष रणांगणावर प्रत्येक डिव्हिजन अशक्त, एक रेजिमेंट थकली तर बदली द्यायला दुसरी नाही. अल्बानियात याचे भोग भोगावे लागले.

आक्वीला माउंटन डिव्हिजन म्हणतात, म्हणजे ते टोपीत पीस लावणारे आल्पिनी का?

नाही. हा घोळ सगळ्यात कॉमन आहे. आल्पिनी म्हणजे आल्प्सच्या खोऱ्यांतल्या गावांतून भरती केलेले खास पर्वती सैनिक, त्यांच्या डिव्हिजन वेगळ्या : युलिया, त्रिदेंतिना, कुनेएन्से वगैरे, आणि पुढे रशियात डॉन नदीवर त्यांची धूळधाण झाली. आक्वी ही साधी इन्फन्ट्री, फक्त डोंगरात चालेल अशी तिची बांधणी केलेली, म्हणजे ट्रकऐवजी खेचरं आणि खेचराच्या पाठीवर सुटी करून लादता येतील अशा ७५ मिलिमीटरच्या हलक्या तोफा. माणसं शेतकरी, कामगार, कारकून, शाळामास्तर, इटलीच्या सगळ्या भागांतली.

केफालोनियाच्या आधी ते कुठे लढले?

आधी फ्रान्स. १० जून १९४० ला मुसोलिनीने युद्ध जाहीर केलं, फ्रान्स तेव्हा जर्मनीपुढे कोसळतच आला होता, आणि आल्प्सच्या सीमेवर इटलीने २१ जूनला मोठा हल्ला केला, त्यात आक्वी दक्षिणेकडच्या स्टुरा खोऱ्याच्या बाजूला होती. चार दिवसांत शस्त्रसंधी झाली. या छोट्याशा मोहिमेत इटलीचे सहाशेच्या वर मेले आणि दोन हजारांवर जवानांना फ्रॉस्टबाइट झाला, जूनमध्ये, कारण वर बर्फ होता आणि पायातले बूट धड नव्हते.

मग अल्बानिया. ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला, ग्रीकांनी तो परतवून उलट इटालियन सैन्यालाच अल्बानियात मागे रेटलं, आणि भोक बुजवायला ज्या डिव्हिजन घाईघाईने समुद्रापार पाठवल्या त्यांत डिसेंबरमध्ये आक्वी गेली. किनाऱ्याकडचा भाग, हिमारा आणि व्लोरा बंदराकडे जाणाऱ्या वाटा. ग्रीकांनी हिमारा घेतलं पण व्लोरा काही त्यांच्या हाती लागलं नाही. तो सगळा हिवाळा चिखल, बर्फ आणि उवांमध्ये गेला. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन उत्तरेकडून घुसले तेव्हा ग्रीस पडला. इटालियनांना हे कायम डाचत राहिलं की जिंकलो ते जर्मनांमुळे, आणि जर्मन पण ते विसरू द्यायचे नाहीत.

मग ग्रीक बेटांवर कसे पोचले? आणि तिथे कसे वागले?

ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात कॉर्फू, लेफ्काडा, केफालोनिया, झाकिन्थोस ही बेटं आहेत. पूर्वी शेकडो वर्षं व्हेनिसच्या ताब्यात होती, म्हणून मुसोलिनीला वाटायचं ही आपलीच. एप्रिलच्या शेवटी इटलीने ती घेतली, केफालोनियावर तर ३० एप्रिलला पॅराशूटने सैनिक उतरवले. नंतर बंदोबस्ताला आक्वी आली.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी कारण इटालियन लेखनात ती बऱ्याचदा गुळगुळीत करून टाकतात. हे लोक पाहुणे म्हणून आले नव्हते. बेटं ग्रीसपासून तोडून इटलीला जोडायचा प्लॅन होता, त्यासाठी वेगळा सिव्हिल कारभार बसवला, वेगळ्या आयोनियन द्राख्मा नोटा छापल्या, विरोध करणाऱ्यांना पकडून पाक्सीसारख्या छोट्या बेटांवर डांबलं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात ग्रीसभर उपासमार होती. पण हेही खरं की दोन-अडीच वर्षं एकाच ठिकाणी राहिल्यावर साध्या शिपायांची गावकऱ्यांशी ओळख झाली, कुणाची प्रेमप्रकरणं झाली. १९४३ मध्ये याच गावकऱ्यांनी जीव धोक्यात घालून कित्येकांना लपवलं, ते काही उगाच नाही.

जर्मन त्या बेटावर काय करत होते? ते तर इटलीचे दोस्त होते ना?

दोस्त होते म्हणूनच आले. मे १९४३ मध्ये ट्युनिशिया हातातून गेलं, जुलैमध्ये अलाइड (ब्रिटिश-अमेरिकन) फौजा सिसिलीत उतरल्या, २५ जुलैला मुसोलिनीची खुर्ची गेली आणि मार्शल बादोल्यो सत्तेवर आला. तो म्हणत होता युद्ध चालूच राहील, हिटलरचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि इटली फुटली तर तिचं सैन्य निःशस्त्र करायची योजना जर्मनांकडे तयार होती. ऑगस्टमध्ये "मदत" म्हणून केफालोनियावर अंदाजे दोन हजार जर्मन आले, लेफ्टनंट कर्नल हान्स बार्गेच्या हाताखाली. बहुतेक जण बेटाचं मुख्य गाव आर्गोस्टोली, त्याच्या खाडीपलीकडे, लिक्सौरीच्या द्वीपकल्पावर. काही रणगाड्यासारख्या फिरत्या तोफा मात्र थेट आर्गोस्टोली गावातच.

इटालियन होते साडेअकरा हजार शिपाई आणि पाचशेच्या वर ऑफिसर. म्हणजे बेटावर सहास एक. हा आकडा डोक्यात ठेवा.

८ सप्टेंबरला काय झालं?

शस्त्रसंधीवर सही ३ सप्टेंबरलाच सिसिलीत कास्सिबिलेला झाली होती, गुपचूप. ८ तारखेला संध्याकाळी रेडिओवर बादोल्योचा संदेश आला : अलाइड फौजांशी लढाई थांबवा, आणि "दुसऱ्या कुणाकडून" हल्ला झाला तर प्रतिकार करा. दुसरे कोण ते नाव घेऊन सांगितलंच नाही. राजा आणि सरकार पहाटे रोम सोडून पळाले आणि ब्रिंडिसीला जाऊन बसले, मागे दहा लाखांहून जास्त सैन्य कुणाच्याही धड आदेशाविना. माझ्या मते केफालोनियाचं पहिलं पाप या पळपुटेपणाचं आहे, पुढचं सगळं त्यातून आलं.

बेटावर त्या संध्याकाळी मात्र आनंदीआनंद, घंटा वाजल्या, शिपाई गाऊ लागले, सगळ्यांना वाटलं संपलं एकदाचं आणि आता घरी जायचं.

मग लगेच जर्मनांना पकडलं का नाही? सहास एक होते ना?

हा खरा प्रश्न. यावर इटलीत आजपर्यंत भांडणं चालू आहेत.

डिव्हिजनचा कमांडर जनरल अंतोनियो गांडिन, वय ५२, जूनमध्येच नेमलेला. त्याआधी रोममध्ये सर्वोच्च मुख्यालयात मोठ्या हुद्द्यावर होता, जर्मन अधिकाऱ्यांशी रोजचा संबंध, जर्मन भाषा येत होती, जर्मनांचा आयर्न क्रॉसही मिळालेला. त्याच्या हातात दोन टोकांचे आदेश पडले. अथेन्सहून ११व्या आर्मीचा कमांडर जनरल वेक्कियारेल्लीने आधी सांगितलं की जर्मन हल्ला करत नसतील तर तुम्हीही करू नका, आणि मग सांगितलं हत्यारं देऊन टाका. नंतर ब्रिंडिसीहून उलटा आदेश : प्रतिकार करा.

११ तारखेला बार्गेने अल्टिमेटम दिला. आमच्याबरोबर या, आमच्याविरुद्ध लढा, नाहीतर शस्त्रं खाली ठेवा, तीनपैकी एक काय ते सांगा. गांडिनने वेळकाढूपणा सुरू केला. त्याचं म्हणणं साधं होतं, बेटावर आपण जास्त असू पण समोर ग्रीसच्या किनाऱ्यावर जर्मन सैन्य आणि विमानं आहेत, आपल्याकडे एकही विमान नाही, कुणी मदतीला येईल याची खात्री नाही, तेव्हा माणसं जिवंत घरी न्यायची असतील तर बोलून काहीतरी काढावं, हत्यारांसकट इटलीला जाऊ द्यावं अशी अट घालावी. सद्भावना दाखवायला म्हणून त्याने कार्डाकाटाची उंच जागा रिकामी केली. बेटाच्या उत्तर आणि पश्चिम भागाला जोडणारी वाट तिथून जाते, ती ज्याच्याकडे त्याच्याकडे निम्मी लढाई, आणि ती त्याने फुकटात देऊन टाकली. ही चूक होती असं म्हणायला जनरल असायची गरज नाही, नकाशा बघितला तरी कळतं.

१२ तारखेला त्याने डिव्हिजनच्या पाद्रींना बोलावून विचारलं, बहुतेकांनी सांगितलं हत्यारं द्या आणि रक्तपात टाळा. खाली बराकींमध्ये मात्र वेगळीच हवा होती. तरुण ऑफिसर, विशेषतः तोफखान्याचे कॅप्टन रेन्झो अपोलोनियो आणि कॅप्टन आमोस पाम्पालोनी, ऐकायला तयार नव्हते. १३ तारखेला पहाटे जर्मनांच्या सामान-सैनिक वाहणाऱ्या बोटी आर्गोस्टोलीच्या खाडीत शिरल्या आणि या दोघांच्या बॅटऱ्यांनी, म्हणजे तोफांच्या तुकड्यांनी, वरून आदेश नसताना गोळे टाकले. एक बोट बुडाली, काही जर्मन मेले.

आणि ते मतदान? खरंच शिपायांना विचारलं?

खरंच विचारलं. १३ च्या रात्री ते १४ च्या सकाळी युनिट-युनिटमध्ये जाऊन तेच तीन पर्याय ठेवले, जर्मनांबरोबर, जर्मनांविरुद्ध, की शस्त्रं देऊन मोकळं व्हायचं. प्रचंड बहुमत जर्मनांविरुद्ध लढायच्या बाजूने. सैन्यात असं विचारत नाहीत, कुठल्याच देशात नाही. गांडिनचे टीकाकार म्हणतात की त्याने जबाबदारी ढकलली. तसं असेलही. पण १४ तारखेला त्याने जर्मनांना कळवलं की सर्वोच्च मुख्यालयाच्या आदेशाने आणि ऑफिसर-शिपायांच्या इच्छेने आक्वी डिव्हिजन हत्यारं देणार नाही. वीस वर्षं फासिस्ट राजवटीत वाढलेल्या पोरांना कधी काही विचारलं गेलं नव्हतं, आणि पहिल्यांदा विचारलं ते हे.

काही जण मतदानाची गोष्ट फुगवलेली म्हणतात. पद्धत सगळीकडे एकसारखी नव्हती, कुठे रांगेत विचारलं तर कुठे ऑफिसरने अंदाज घेतला, हे मान्य. झालंच नाही असं मात्र म्हणता येत नाही.

लढाई किती दिवस चालली?

१५ ते २२ सप्टेंबर. सुरुवातीला इटालियनांनी आर्गोस्टोलीतले जर्मन पकडले, चारशेच्या वर युद्धकैदी, आणि त्यांना नीट वागवलं, हे विसरू नका. पण १५ पासून स्टुका विमानं आली आणि दिवसभर येतच राहिली. विमानविरोधी तोफा मोजक्या, झाडोरा कमी, उघडे खडकाळ उतार, लपायला जागा नाही.

तोपर्यंत जर्मनांनी जनरल हुबर्ट लांट्सच्या २२व्या माउंटन कोअरकडे काम सोपवलं आणि बेटावर नवी कुमक उतरवली, त्यात पहिल्या माउंटन डिव्हिजनचे म्हणजे एडेलवाइस फुलाचं चिन्ह लावणाऱ्यांचे लोक, मेजर हाराल्ड फॉन हिर्शफेल्डच्या हाताखाली. म्हणजे इकडेही पहाडी फौज, तिकडेही पहाडी फौज, फक्त तिकडची रशिया आणि बाल्कनमध्ये गावं जाळून आलेली. इटालियनांनी कार्डाकाटा परत घ्यायचे प्रयत्न केले, जमलं नाही. २१ ला पहाटे जर्मन डोंगराच्या आडवाटांनी पाठीमागून आले आणि एकेक बटालियन कापत गेले. २२ ला सकाळी पांढरं निशाण लागलं.

कुणी मदतीला का आलं नाही? ब्रिंडिसी तर समोरच आहे.

समोरच आहे, म्हणून तर चीड येते. बेटावरून रेडिओवर मदतीच्या विनवण्या चालू होत्या. ब्रिंडिसीहून दोन इटालियन टॉर्पिडो बोटी निघाल्याही, त्या अलाइड कमांडने परत बोलावल्या. ब्रिटिश-अमेरिकनांचं सगळं लक्ष तेव्हा सालेर्नोच्या किनाऱ्यावर होतं, तिथे त्यांचीच पाचावर धारण बसली होती, आणि काल-परवापर्यंतच्या शत्रूच्या हातात जहाजं द्यायला ते तयार नव्हते. इटालियन विमानांनी थोड्या फेऱ्या मारल्या, पण त्या थोड्याच.

शरण आल्यावर काय झालं?

१८ सप्टेंबरला हिटलरच्या मुख्यालयातून हुकूम निघाला होता की केफालोनियावर इटालियन युद्धकैदी घ्यायचे नाहीत. कारण काय तर त्यांचं "विश्वासघातकी" वागणं. म्हणजे जे झालं ते रागाच्या भरात झालं हे साफ खोटं आहे, लढाई संपायच्या चार दिवस आधीच ठरलं होतं.

२१ पासूनच हात वर केलेल्या तुकड्यांना जागच्या जागी मशीनगनने मारायला सुरुवात झाली. वाटेत, खोऱ्यात, विहिरींपाशी, शेतांच्या दगडी बांधांजवळ. ट्रोयानाटा गावाजवळ एकाच जागी कित्येक शे माणसं. कॅप्टन पाम्पालोनीची बॅटरी शरण आली, त्याला मागून गोळी घातली, ती मानेतून आरपार गेली आणि तो वाचला, मेल्यासारखा पडून राहिला आणि त्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत म्हणा, त्याची सगळी माणसं मारली.

२४ तारखेला ऑफिसरांची पाळी आली. आधी गांडिनला गोळ्या घातल्या. मग बाकीच्यांना आर्गोस्टोलीजवळ सान तेओदोरोच्या टोकाला एका लाल घराजवळ आणलं, इटालियनमध्ये ते "कासेता रोस्सा" म्हणूनच ओळखलं जातं. तिथून थोड्या-थोड्या जणांची टोळी काढून मारत होते, सकाळपासून दुपारपर्यंत. सव्वाशेच्या आसपास ऑफिसर. त्यांच्याबरोबर पाद्री रोमुआल्दो फोरमातो होता, एकेकाची शेवटची प्रार्थना करत, घड्याळं-अंगठ्या-चिठ्ठ्या घरी द्यायला गोळा करत, आणि शेवटी तो जर्मन ऑफिसरपुढे रडून गयावया करायला लागला आणि उरलेले ३७ जण वाचले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधले जखमी ऑफिसर उचलून आणून मारले.

मुडदे बरेचसे जाळले, काही तराफ्यांवर घालून समुद्रात बुडवले. हे काम ज्या इटालियन नौसैनिकांकडून करवून घेतलं त्यांनाही मागे साक्षीदार नको म्हणून गोळ्या घातल्या.

नक्की किती मेले?

सरळ उत्तर मिळणार नाही. युद्धानंतर बरीच वर्षं नऊ हजारांच्या वरचा आकडा चालला, अजूनही काही फलकांवर तोच दिसेल, त्यात लढाईतले, गोळ्या घातलेले आणि समुद्रात बुडालेले सगळे एकत्र आहेत. २००१ मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी साडेसहा हजार म्हटलं. जर्मन कागदपत्रांवर चाललेले इतिहासकार गोळ्या घातलेल्यांचा आकडा चार-पाच हजार सांगतात, आणि अलीकडे काही जण नावागणिक मोजून एकूण आकडा दोन हजारांच्या आसपास आणतात. खुद्द लांट्सने तेव्हा वर रिपोर्ट दिला होता की पाच हजारांना गोळ्या घातल्या, आणि युद्धानंतर न्युरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात उभं राहिल्यावर म्हणाला ते मी हिटलरला शांत करायला खोटं लिहिलं होतं.

यावर ऑनलाइन वाद घालणारे मी भरपूर बघितलेत आणि त्यातले निम्मे तरी आकडा खाली आणला की गुन्हाच खाली येतो अशा थाटात बोलतात. शरण आलेल्या एकाला मारणं हाही युद्धगुन्हाच. मोजणी जरूर करा, ती व्हायलाच हवी, पण त्याआडून सुटका शोधू नका.

बाकीच्या बेटांवरही हेच झालं का?

कॉर्फूवर १८वी रेजिमेंट होती, कर्नल लुइजी लुसिन्यानीच्या हाताखाली. त्याने गांडिनसारखी घासाघीस केली नाही, सुरुवातीलाच तिथल्या जर्मनांना पकडून चारशेच्या आसपास कैदी चक्क इटलीला रवाना केले. अल्बानियाहून पार्मा डिव्हिजनच्या एका रेजिमेंटचा कर्नल एलिओ बेत्तिनी आपली माणसं घेऊन येऊन मिळाला. २४ च्या रात्रीच्या सुमाराला जर्मन बेटाच्या दक्षिणेला उतरले आणि २५ ला सगळं आटोपलं. दोन्ही कर्नलांना गोळ्या घातल्या, इतर ऑफिसरांनाही. शिपायांची मात्र केफालोनियासारखी सरसकट कत्तल झाली नाही.

जहाजांचं काय प्रकरण आहे?

वाचलेल्या कैद्यांना मुख्य भूमीवर न्यायला जर्मनांनी जुनाट जहाजांच्या तळघरांत कोंबलं. २८ सप्टेंबरला आर्देना जहाज आर्गोस्टोलीहून निघाल्या निघाल्या सुरुंगावर आदळलं, ७२० च्या आसपास मेले. १० ऑक्टोबरला कॉर्फूला मारिओ रोसेल्ली जहाजावर अलाइड विमानांनी बॉम्ब टाकला, आत इटालियन कैदी भरलेत हे त्यांना माहीत नव्हतं, १३०० च्या आसपास गेले. आणखी जहाजं बुडाली. कत्तलीतून वाचून असं मरणं आलं, आणि तेही शेवटी दोस्तांच्या बॉम्बने.

जे वाचले ते कुठे गेले?

बहुतेक जर्मनीच्या आणि पूर्वेकडच्या छावण्यांत. तिथे त्यांना युद्धकैदी म्हणतच नसत, "लष्करी नजरबंद" असं नवं लेबल लावलं होतं म्हणजे रेड क्रॉसचे नियम लागू करायला नकोत. अशा इटालियनांची एकूण संख्या सहा लाखांच्या वर होती. काही शे जणांना बेटावरच मजूर म्हणून ठेवलं. पाम्पालोनी ग्रीक पार्टिझनांना, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी टोळ्यांना, जाऊन मिळाला आणि त्यांच्याबरोबर लढला. अपोलोनियो बेटावर राहिला, उरलेल्यांचा एक गट बांधला, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये बाराशेच्या आसपास माणसं घेऊन इटलीला परतला, हत्यारांसकट.

शिक्षा कुणाला झाली?

लांट्सला. न्युरेंबर्गच्या बाल्कन खटल्यात १९४८ मध्ये १२ वर्षं मिळाली. जर्मनांचा बचाव असा होता की इटलीने तेव्हा जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर केलं नव्हतं (ते १३ ऑक्टोबरला झालं), म्हणून हे सैनिक नव्हेत, बंडखोर. कोर्टाने ते फेकून दिलं, गणवेशातली, आपल्या कमांडरखाली लढणारी माणसं होती ती. पण १९५१ मध्ये लांट्स सुटला सुद्धा, आणि १९८२ मध्ये म्हातारा होऊन मेला. हिर्शफेल्ड १९४५ मध्ये आघाडीवरच मारला गेला. बार्गेला काही झालं नाही.

मग थेट एकविसावं शतक. म्युनिकला एका माजी लेफ्टनंटने, ओटमार म्युलहाउझरने, गांडिनला मारणाऱ्या तुकडीचा प्रमुख मीच होतो हे कबूल केलं होतं, तरी २००६ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं. कारणात त्या इटालियनांची तुलना पळपुट्या जर्मन शिपायांशी केली, इटलीत भडका उडाला. २०१३ मध्ये रोमच्या लष्करी कोर्टाने माजी कॉर्पोरल आल्फ्रेड श्टोर्कला ११७ ऑफिसरांच्या खुनाबद्दल जन्मठेप दिली, गैरहजेरीत. तो तेव्हा नव्वदीचा. जर्मनीतल्या घरातून एक दिवसही तुरुंगात गेला नाही.

इटलीनेच विषय दाबला असं म्हणतात, खरं का?

हो, आणि याचे कागद आहेत. १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री मार्तिनो आणि संरक्षणमंत्री ताव्यानी यांच्यात पत्रव्यवहार झाला. मुद्दा असा की पश्चिम जर्मनी नुकतीच नाटोत आलीय, तिला नवं सैन्य उभारायचंय, अशा वेळी जुन्या जर्मन ऑफिसरांना कोर्टात ओढलं तर जर्मन जनता बिथरेल. मंत्रिसाहेब सहमत. त्याच काळात इटालियन लष्करी न्यायालयात चौकशी चालली ती कुणाची, तर जर्मनांबरोबर अपोलोनियो आणि पाम्पालोनीचीही, वरच्यांचा हुकूम मोडून गोळे टाकल्याबद्दल! १९५७ मध्ये इटालियन सुटले. आणि पुढे जर्मनांवरची केसही बंद झाली.

राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी १९८० मध्ये बेटावर गेले, पण विषय खऱ्या अर्थाने वर आला तो १ मार्च २००१ ला राष्ट्राध्यक्ष चाम्पी तिथे जाऊन बोलले तेव्हा. त्यांनी या लढ्याला इटालियन प्रतिकाराची सुरुवात म्हटलं.

मग गांडिन हीरो की व्हिलन?

त्याला मरणोत्तर सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, आणि तरीही काही शहीदांच्या घरच्यांनी त्याला कधी माफ केलं नाही. दुसरीकडे काही घरचे उलट अपोलोनियो-पाम्पालोनीला दोष देतात, त्यांनी गोळे टाकले नसते तर पोरं जगली असती म्हणून. माझं मत सांगतो. गांडिन घुटमळला, कार्डाकाटा सोडणं महागात पडलं, पहिल्या दोन दिवसांत जर्मनांना आवळलं असतं तर निदान लढाई वेगळी झाली असती. पण कॉर्फूवर लुसिन्यानीने नेमकं तेच केलं आणि तोही मेलाच. हत्यारं देऊन टाकली असती तर जर्मनांनी घरी सोडलं असतं असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं की बाकी ग्रीसमध्ये ज्यांनी मुकाट हत्यारं दिली त्यांना घरी पोचवायचं वचन देऊन गाड्यांत बसवलं आणि त्या गाड्या छावण्यांना गेल्या. चुका शोधताना आपण मेलेल्यांच्याच चुका शोधत बसतो.

त्या मँडोलिनवाल्या कादंबरीत-सिनेमात, म्हणजे "कॅप्टन कोरेलीज मँडोलिन"मध्ये, आहे तसं होतं का?

चौकट खरी, प्रेमकथा काल्पनिक. नायक पाम्पालोनीवर बेतलाय असं वर्तमानपत्रांनी खूप लिहिलं. त्याला स्वतःला ते रुचलं नाही, ग्रीक पार्टिझनांना ज्या रंगात दाखवलंय त्यावर तर तो चांगलाच भडकला होता.

आपल्या मराठा पलटणींचा याच्याशी काही संबंध?

केफालोनियाशी नाही. पण त्याच सुमाराला मराठा लाइट इन्फन्ट्री इटलीच्या मुख्य भूमीवर याच जर्मन सैन्याशी लढली. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनची जागा घेऊन पडले, आणि अहिल्यानगर (जुनं नगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवरून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्याआधी १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर मराठे इटालियनांविरुद्धच लढले होते, तेव्हा "इटालियन लढलेच नाहीत" हा जोक केरेनला जाऊन आलेल्या कुणाला सांगितला असता तर त्याने काय ते सुनावलं असतं.

आज तिथे जाऊन काय बघता येतं?

जुनं गाव बघायला मिळणार नाही. ऑगस्ट १९५३ च्या भूकंपात केफालोनिया जवळजवळ सगळं पडलं, आज दिसतं ते नंतर बांधलेलं. त्याच सुमाराला अवशेष उकरून इटलीला नेले, ते आता बारीच्या मोठ्या लष्करी स्मारकात आहेत. वेरोनालाही आक्वीचं राष्ट्रीय स्मारक आहे, १९६६ चं.

बेटावर आर्गोस्टोलीहून सान तेओदोरोच्या गोल दीपगृहाकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता धरा, पायीसुद्धा होतो. वाटेत समुद्राचं पाणी जमिनीत गडप होतं ती प्रसिद्ध जागा लागते, टूरिस्ट तिथेच थांबतात. थोडं वर डोंगराच्या बाजूला इटालियन स्मारक आहे, आणि जिथे ऑफिसरांना मारलं ती जागाही त्याच भागात. गावात कॅथलिक चर्चला लागून आक्वी डिव्हिजनचं छोटं म्युझियम आहे, फोटो, पत्रं, नकाशे, काही गणवेश. स्थानिक लोक ते चालवतात, उन्हाळ्याबाहेर गेलात तर बंद मिळू शकतं, आधी चौकशी करून जा.